गाडीतले गाणे : खिशाला सोसेल, कानाला झेपेल



कांद्याची पट्टी हातात आली किंवा उसाचा पहिला हप्ता जमा झाला, की घरात खर्चाला चार वाटा फुटतात. दुकानदाराची खताची उधारी असते, मुलीची फी असते, विहिरीवरची मोटार रिवाइंडिंगला आलेली असते. हल्ली त्यात आणखी एक भर पडली आहे. घरातला तरुण मुलगा म्हणतो, “गाडीला साउंड बसवायचा.”

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “आम्ही जुनी चारचाकी घेतली. मुलगा म्हणतो चाळीस हजारांचा साउंड टाकू. मालक म्हणतात, गाण्यापायी एक पैसा देणार नाही. दोघांत बोलणे बंद आहे. यात काही मधला मार्ग निघेल का?”

निघेल. शेतीच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी म्हणू नये. बॅटरी, वायर, फ्यूज आणि वॅट यांचे गणित विहिरीवर जे आहे तेच गाडीत आहे. ज्याला मोटारीच्या केबलचा हिशेब कळतो, त्याला गाडीच्या टेपचाही कळतो. कॅसेट जाऊन पेन ड्राइव्ह आला तरी आपल्याकडे त्याला टेपच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

शिवाय ऐकणे ही काही चैन नव्हे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने दीडशे गावांत शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला होता. लोक रेडिओभोवती जमत, शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करीत. आज बाजार समितीला माल घालून परत येताना दीड तास गाडीत जातो. त्या वेळात भजन ऐका, भावगीत ऐका, हवामानाचा अंदाज ऐका. प्रश्न एवढाच, की त्यासाठी पैसा किती घालावा आणि तो कोठे घालावा.

खर्चाआधी फुकटची तपासणी

दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच अर्धा तास द्या. गाडी अंगणात उभी करा. ओळखीचे एखादे गाणे मध्यम आवाजात लावा. टेपमध्ये आवाज डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे फिरवण्याची सोय असते, तिने एका वेळी एकच स्पीकर वाजवून पाहा. जो फरफर करतो किंवा दबका वाजतो तो बिघडलेला. जुन्या गाडीत बहुधा टेप ठीक असतो आणि स्पीकरचा कागद किंवा त्याच्या कडेचा रबर-फोम फाटलेला असतो. मग नवा टेप घेऊन काय उपयोग? रोग मुळाला आणि फवारणी शेंड्याला, असे होते.

दुसरी गोष्ट. टेपमधला बेस वाढवण्याचा खटका बंद करा आणि सगळी बटणे मधोमध आणा. बेस दहा डेसिबलने वाढवला, की त्या आवाजापुरती दहापट शक्ती लागते. तेवढी टेपमध्ये नसते, म्हणून आवाज फाटतो आणि बारीक आवाजाचा छोटा स्पीकर जळतो. हे बंद केल्यावर कितीतरी गाड्यांचा आवाज एक रुपया न खर्चता सुधारतो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

टेपच्या खोक्यावर ठळक अक्षरात “५० × ४ वॅट” असे छापलेले असते. याचा अर्थ नीट समजून घ्या. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर सुमारे १४ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला, आवाज न फाटता, हिशेबाने २५ वॅटच्या आसपासच शक्ती देता येते. प्रत्यक्षात दर स्पीकरला १५ ते २० वॅट मिळतात. पन्नास हा क्षणभराच्या उसळीचा आकडा. सलग किती देईल ते सांगणाऱ्या आकड्यापुढे आर.एम.एस. ही अक्षरे असतात. तीन एच.पी.च्या मोटारीवर पाच एच.पी.ची पाटी ठोकली म्हणून पाणी वाढत नाही. खोक्यावर आर.एम.एस.चा आकडा नसेल, तर ती वस्तू घेऊ नये.

पण १५ वॅट म्हणजे कमी नव्हे. बंद काचेच्या गाडीत चार माणसांना पोटभर ऐकायला तेवढे पुरतात. मात्र स्पीकर निवडताना एक आकडा पाहावा. त्याला इंग्रजीत सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते तो सांगतो. एका स्पीकरचा ८७ आणि दुसऱ्याचा ९० असेल, तर ९० वाला अर्ध्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो. तीच वैरण खाऊन जास्त दूध देणारी म्हैस आपण निवडतो, तसेच हे. जो अ‍ॅम्प्लिफायर न घेता काम भागवणार आहे, त्याने ९० किंवा त्याहून वरचा स्पीकर पाहावा.

आधी पुढचा दरवाजा, मग बाकीचे

आपले कान पुढे बसतात. म्हणून पुढच्या दोन दरवाजांतली जोडी चांगली असावी. पैसे कमी असतील तर मागच्या स्पीकरना हातही लावू नये. मागे मोठे लंबगोल स्पीकर आणि पुढे फाटके, ही पैशाची उधळपट्टी आहे.

आता जे दुकानदार सहसा सांगत नाही ते सांगतो. स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. दरवाजाच्या पत्र्याला मोठाली भोके असतात. त्या भोकांतून मागची हवा पुढच्या हवेला येऊन मिळते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. भारी आवाज, म्हणजे ढोलकीची धुम, तिथेच संपते. वाफ्याचा बांध फुटका असेल तर मोटार कितीही मोठी लावा, पाणी वाफ्यात ठरत नाही. इथेही स्पीकर मोठा करण्याआधी बांध घालावा लागतो.

तो असा घालावा. दरवाजाचे आतले कव्हर काढून पत्रा कापडाने स्वच्छ पुसावा. चंदेरी पन्नी असलेले चिकट रबरी पट्टे मिळतात, त्यांनी भोके बुजवावी आणि पत्र्याच्या मधल्या सपाट भागावर एक-दोन तुकडे दाबून लावावे. स्पीकरखाली जाड प्लायवुडची कडी घालावी. तिला आधी दोन हात रंग द्यावा, नाही तर पहिल्या पावसाळ्यातच फुगेल. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. दरवाजाच्या अगदी खालची बारीक भोके पाणी निघून जाण्यासाठी असतात, ती बुजवू नयेत. बुजवली तर दरवाजा आतून गंजतो. आणि शेवटचा स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहावी. स्पीकरच्या चुंबकाला काच अडली तर काच तरी जाते, नाही तर स्पीकर.

दहा हजारांची वाटणी

समजा घराने एकमताने दहा हजार रुपये ठरवले. तर मी वाटणी अशी करीन:

पुढच्या दरवाजांची चांगली स्पीकर जोडी – ४,००० रुपये
टेप, ब्लूटूथ आणि रेडिओसह – ३,००० रुपये
दरवाजाचे पट्टे आणि प्लायवुडच्या कड्या – १,५०० रुपये
वायर, फ्यूज आणि जोडणीचे सॉकेट – ७०० रुपये
वायरमनची मजुरी – ८०० रुपये

भाव गावोगावी वेगळे असतात आणि हंगामाप्रमाणे हलतात, पण वाटणीचे प्रमाण फारसे हलत नाही. जुना टेप ठीक असेल तर तीन हजार वाचले. तेच काम सात हजारांत झाले. मोठ्या काचेचा टच स्क्रीन घेतला, तर पैसे चित्रात जातात आणि आवाज होता तिथेच राहतो. आपल्या भागात आकाशवाणीचे केंद्र मध्यम लहरींवर लागत असेल, तर टेपमध्ये ती लहर आहे का ते दुकानातच लावून पाहा. पुष्कळ स्वस्त टेपमध्ये फक्त एफ.एम. असते.

अ‍ॅम्प्लिफायर आणि मागच्या डिकीतला बेसचा डबा यांची गरज आहे का, ते या कामानंतर तीन महिन्यांनी ठरवावे. बहुतेक घरांत तोवर हौस भागलेली असते.

वायर आणि फ्यूज : इथे काटकसर नको

गाडीत आग लागण्याचे एक कारण कच्ची वायरिंग हे असते. म्हणून हा भाग घरातल्या सर्वांनी वाचावा.

मूळ गाडीचा वायरचा खटका कापू देऊ नका. प्रत्येक गाडीला बसणारे जोडणीचे सॉकेट वेगळे मिळते, ते वापरा. नव्या टेपच्या तारांचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार थेट बॅटरीची, लाल चावीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरच्या, हिरवी आणि जांभळी मागच्या. ज्या तारेवर काळी रेघ असते ती त्या जोडीतली उणे. तरी टेपवर चिकटवलेला तक्ता पाहूनच जोडणी करावी. एका स्पीकरचे अधिक-उणे उलटे झाले तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि बेस नाहीसा होतो. तपासणी सोपी आहे. सुटा स्पीकर हातात घेऊन घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उसळला, तर सेलचे अधिक टोक ज्याला लावले ते स्पीकरचे अधिक.

आता अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्यांसाठी हिशेब. समजा तो खरे ३०० वॅट देतो आणि त्याची कार्यक्षमता शेकडा ८० आहे. म्हणजे बॅटरीकडून तो ३७५ वॅट घेणार. त्याला १३.८ ने भागा. सुमारे २७ अँपिअर झाले. विहिरीवर तीन एच.पी.ची थ्री फेज मोटार साधारण पाच-सहा अँपिअर घेते, हे ध्यानात घ्या. बॅटरीचे व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर जास्त आणि म्हणून वायर जाड.

पाच मीटर लांबीची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट खाते. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३ व्होल्टच्या आतच भागते. २३० व्होल्टमधून ०.७ गेले तर कळतही नाही, १३.८ मधून गेले तर आवाज फाटतो आणि वायर तापते. २७ अँपिअरसाठी ८ ते १० चौरस मिलिमीटरची वायर घालावी. ती तांब्याचीच हवी. वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात स्वस्त मिळते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती परत करा.

फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या आत बसवावा. फ्यूज हा टेपच्या रक्षणासाठी नसून वायरच्या रक्षणासाठी असतो. तो लांब टेपजवळ बसवला आणि मध्येच पत्र्याच्या धारेने वायर सोलली गेली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. म्हणून वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवेच. मोटारीच्या किटकॅटमध्ये फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळण्याची आपल्याकडची खोड गाडीत तर मुळीच चालणार नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, याचा अर्थ कोठेतरी दोष आहे. तो दोष शोधावा.

अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळावा. गाडीचा वेग वाढेल तशी टेपमधून कूं कूं अशी शिट्टी येत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. त्यासाठी नवा टेप घेण्याची गरज नाही.

बॅटरीची शिल्लक

गाडी बंद ठेवून गाणी लावली, की बॅटरी हा बँकेतला पैसा समजावा. टेप ५ अँपिअर घेत असेल आणि लग्नाच्या मांडवात सहा तास वाजला, तर ३० अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांच्या छोट्या गाडीच्या बॅटरीत मग काय उरले? सकाळी वऱ्हाड धक्का मारीत बसते. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीला निम्म्याखाली उतरवणे मानवत नाही. वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य लवकर संपते. विश्रांतीत असलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर भरलेली, १२.२ दाखवीत असेल तर निम्मी. तिथे गाणे थांबवावे.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी

आता मुख्य मुद्दा. गाडीत चालते ते ट्रॅक्टरवर चालत नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याने जातात आणि कितीतरी ट्रॅक्टरवर मोठाले भोंगे आणि बेसचे डबे बांधलेले असतात. चालकाला झोप येऊ नये म्हणून गाणे लावतो, असे सांगतात. त्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत. पण विचार करा. मागून येणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ती दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. तिचा हॉर्न दोन सेकंद ऐकू आला नाही, तर ती ३३ मीटर जवळ आलेली असते. ट्रॉलीवरचा माणूस “थांबा” म्हणून ओरडला, पिन निसटली, टायर फुटला, तरी चालकाला पत्ता लागत नाही. शिवाय इंजिन संथ चालत असताना अल्टरनेटर पूर्ण वीज देत नाही. त्यावर मोठा अ‍ॅम्प्लिफायर लादला, की दिवे मंदावतात. ट्रॉलीचा मागचा दिवा मंद असला, तर अंधारात मागच्याला ऊस दिसतच नाही. झोप येत असेल तर गाडी कडेला घेऊन अर्धा तास झोपावे. झोपेला दुसरा उतारा नाही.

आणि कान! बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. गाणे ऐकू येण्यासाठी ते त्याच्याही वर न्यावे लागते. तज्ज्ञांचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास सोसवतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या बारीक पेशी असतात. पीक मेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, पण या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात शिट्टी वाजू लागली, तर ती पहिली सूचना समजा. तीन फुटांवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे, हे मीटरवाचून कळते.

म्हणून ट्रॅक्टरवर बेसचा डबा आणि भोंगा नकोच. रेडिओ हवा असेल तर छताखाली, कानाजवळ, प्लास्टिक पडद्याचा एक छोटा स्पीकर बसवावा. धूळ आणि पावसात कागदाचा पडदा टिकत नाही. जवळ असल्यामुळे तो थोड्या आवाजातही ऐकू येतो. नांगरणी-रोटाव्हेटरच्या कामात तर गाणे बंद ठेवून कानात बोळे घालावेत.

कायदाही लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ज्या घरापुढून आपण जातो, तिथे कोणाची आई आजारी असते, कोणाचे लेकरू परीक्षेला बसलेले असते.

जुना माल घेताना

जुन्या बाजारातला स्पीकर घेण्यास हरकत नाही, पण पारखून घ्यावा. दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सारखा दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासते, तो सोडून द्या. मीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवीत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. नव्या मालाचे पक्के बिल घ्यावे, वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घ्यावी. वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि वाजवताना आपलेच गाणे लावावे.

घरात बोलणी कशी करावी

बापाने “नाही” म्हणण्यापेक्षा आकडा सांगावा आणि मुलाने हट्ट धरण्यापेक्षा हिशेब मांडावा. बियाणे, खत आणि औषधपाण्याचे पैसे बाजूला काढून जे उरेल त्यातूनच ही रक्कम ठरवावी. उधारीवर गाणे घेऊ नये. कामाला मुलालाच पुढे करावे. दरवाजाचे पट्टे त्याने लावावे, वायर त्याने तपासावी. मजुरी वाचते, आणि जो हाताने फ्यूज बसवतो तो पुढे मोटारीचा स्टार्टरही उघडू लागतो. एक अट मात्र लेखी असावी: गाडी वस्तीत शिरली की आवाज खाली, आणि ट्रॅक्टरवर बेस नाही. वडिलांनाही एक अट घाला. पहिल्या दिवशी पहिले गाणे त्यांच्या आवडीचे लावावे.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी. पीक फुलोऱ्यावर येत असेल तर आत्ताच पक्षी बसण्यासाठी शेतात काठ्या रोवून ठेवा.

राम राम.